सहा, सात आणि सोळा आणे

मराठीच्या प्राध्यापकाने गणितावर लेख लिहावा, हे आमच्या घरातही कुणाला फारसे रुचलेले नाही. पण मसावि आणि लसावि ही जोडी आमच्या धाराशिवच्या बाजारात एके काळी इतकी वावरली आहे, की तिला शाळेच्या पुस्तकात कोंडून ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

१९४८ पर्यंत आमचा जिल्हा, म्हणजे तेव्हाचा उस्मानाबाद, निजामाच्या राज्यात होता. चलन हाली सिक्का, रुपयावर चारमिनार. शेजारी सोलापूर-बार्शीकडे मुंबई इलाखा आणि इंग्रजांचा कलदार रुपया. दोन्हीकडे रुपयाचे आणे सोळा, आण्याच्या पै बारा, म्हणून रुपयाच्या पै १९२. नावे तीच, मोल मात्र निराळे! १९५० साली भारतीय रुपया इकडे चालू झाला तो सात हाली बरोबर सहा कलदार या भावाने, आणि पुढे काही वर्षे दोन्ही नाणी एकाच गल्ल्यात नांदली.

आता गंमत पाहा. कलदार रुपयाचे हाली करायचे, तर १९२ ला सहाने भागून सातने गुणायचे. भाग नि:शेष जातो आणि येतात २२४ पै, म्हणजे एक रुपया दोन आणे आठ पै. हिशेब चोख! पण हाली रुपयाचे कलदार करू जा. भागायचे सातने, आणि १९२ मध्ये सातचा अंशही नाही. उत्तर येते तेरा आणे आठ पै आणि वर पैचे चार सप्तमांश. हे चार सप्तमांश कुणी कुणाच्या हातावर ठेवायचे?

माझे आजोबा किराणा दुकानदार. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी सारे मुखोद्गत. पण ते पाढे अर्ध्या-पावाचे. सातव्या हिश्शाची त्यांत सोय नाही. गिऱ्हाइकाला ते म्हणत, ‘‘सातच्या पटीत आणा, काही बुडणार नाही.’’ पुरे रुपये हवेत आणि आणे सातच्या पटीतही हवेत, तर १६ आणि ७ यांचा लसावि ११२ आणे, म्हणजे अख्खे सात रुपये. ज्याच्या गाठीला सात रुपये आहेत त्याचे काहीच गेले नाही. एक रुपया मोडणाऱ्याची मात्र दर खेपेला कणभर घट, आणि रोज एकच रुपया मोडणारे लोकच अधिक!

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त सामाईक भाजकाने संख्या लहान करण्याला अपवर्तन म्हटले आहे, आणि ज्यांत सामाईक असे काही उरले नाही त्या संख्यांना दृढ. शब्दांचा माणूस म्हणून मला हा ‘दृढ’ फार आवडतो. सहा आणि सात दृढ. एकमेकांना तसूभरही सवलत देत नाहीत.

हालीचा घोळ निवळतो न निवळतो तोच १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले. रुपयाचे आता शंभर भाग. १०० ला १६ ने भागा, बाकी ४. सोळाला चाराने भागा, बाकी शून्य. मसावि चार! म्हणून रुपयाभरात जुना आणि नवा हिशेब नेमका जुळे तो चारच ठिकाणी: पावलीला २५, अधेलीला ५०, बारा आण्यांना ७५ आणि रुपयाला १००. मधल्या आण्यांची ओढाताण. एका आण्याचे खरे पैसे सव्वासहा. सरकारी कोष्टकात सहा. दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस. म्हणजे आण्याआण्याने सोळा जिन्नस विकणाऱ्याला रुपयाऐवजी शहाण्णव पैसेच मिळणार.

दारावर येणारी भाजीवाली हे कोष्टक मानायला तयार नव्हती. ती आण्याचे सात मागायची, आजी सहाच्या वर सरकायची नाही. मग उंबऱ्यावर बरीच घासाघीस होऊन आजी चार आण्यांची भाजी एकदम घ्यायची, आणि पंचवीस पैशांवर दोघी राजी व्हायच्या.