चूक सांगणाऱ्या परिचारिकेचे काय झाले?

‘टू अर इज ह्यूमन’ हा अहवाल अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९९९मध्ये काढला. तिथल्या रुग्णालयांत उपचारांतल्या चुकांमुळे वर्षाला ४४ ते ९८ हजार रुग्ण दगावतात, असा त्यातला अंदाज. वर्तमानपत्रांनी आकडा उचलला. अहवालाचा भर मात्र दुसरीकडे होता : माणसाला दोष देत बसू नका, पद्धत सुधारा, आणि त्यासाठी चुका आधी कळू द्या.

परिचारिकांना याआधीच वेगळा धडा मिळाला होता. १९९६मध्ये डेन्व्हरला पेनिसिलिन चुकीच्या मार्गाने दिल्याने नवजात बाळ गेले आणि तीन परिचारिकांवर फौजदारी खटला झाला. त्याच वर्षी एमी एडमंडसन यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. चांगल्या वॉर्डात औषधांच्या चुका कमी सापडतील, ही त्यांची अपेक्षा. निघाले उलटेच. जिथे वरिष्ठ परिचारिका समजूतदार, तिथे नोंदी जास्त, कारण तिथे चुका दडपल्या जात नव्हत्या. मला हे सगळ्या अहवालांहून मोलाचे वाटते. चूक सांगायची ती इन्चार्ज सिस्टरला, आणि ड्युटीचा तक्ता लावणारीही बहुधा तीच!

मग आले नॅशव्हिल. डिसेंबर २०१७मध्ये व्हँडरबिल्टच्या रुग्णालयात ७५ वर्षांच्या एका बाईंना स्कॅनआधी भीती कमी करायला ‘व्हर्सेड’ द्यायचे होते. राडोंडा व्हॉट या परिचारिकेने औषधांच्या संगणकीय कपाटावर पहिली दोन अक्षरे टाइप केली. कपाटात ते औषध मिडाझोलाम या मूळ नावाने होते. तिने ओव्हरराइड केले, म्हणजे कपाटाचा अटकाव ओलांडला, आणि हाती आले व्हेक्युरोनियम, स्नायू लुळे पाडणारे. कुपीवरचा इशाराही नजरेतून सुटला आणि बाई दगावल्या. चूक भयंकरच, पण ओव्हरराइड तिथे रोजचेच झाले होते, असे तिचे म्हणणे होते.

तिने त्याच दिवशी सगळे कबूल केले. रुग्णालयाने तिला काढून टाकले, कुटुंबाशी तडजोड केली आणि मृत्यूची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याला या औषधाबद्दल सांगितलेच नाही. पुढच्या वर्षी एका निनावी तक्रारीवरून केंद्रीय तपासणी झाली, तेव्हा प्रकरण बाहेर आले. फेब्रुवारी २०१९मध्ये अटक झाली ती व्हॉटला. २०२१मध्ये तिचा परवाना गेला. मार्च २०२२मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल ती दोषी ठरली. मे महिन्यात ३ वर्षांचे प्रोबेशन मिळाले. खटल्यात तिचे स्वतःचेच जबाब तिच्याविरुद्ध वापरले गेले. गप्प राहिलेल्या रुग्णालयावर फौजदारी आरोप नाहीत.

देशभरच्या परिचारिका खवळल्या. २०२४मध्ये केंटकी राज्याने कायदा करून उपचारांतल्या चुका फौजदारी कारवाईतून बहुतांशी वगळल्या. घोर निष्काळजीपणा आणि मुद्दाम केलेले कृत्य यांना मात्र सूट नाही. म्हणजे असा कायदा असता तरी व्हॉट वाचली असतीच असे नाही : तिच्यावरचा एक आरोपच घोर दुर्लक्षाचा होता, आणि तिची नोकरी व परवाना गेले ते कोर्टामुळे नव्हे.