नाममुद्रा आणि समूह : अमेरिकन हिप हॉप संचांतील कर्तृत्वाचा प्रश्न

कवी हा एकटा असतो, हे काव्यविचाराने बहुधा गृहीतच धरलेले आहे. कवितेखाली एक नाव असते, त्या नावामागे एक व्यक्ती असते आणि त्या व्यक्तीचे अनुभवविश्व हाच कवितेचा उगम होय, ह्या समजुतीवर समीक्षेचा बराचसा व्यवहार आधारलेला आहे. २०१८ साली केंड्रिक लमार ह्या रॅपरच्या 'डॅम' ह्या ध्वनिमुद्रिकेला संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. हिप हॉपच्या वाट्याला आलेला हा फार मोठा मान होता. परंतु तोही एका व्यक्तीच्याच नावे आला. वस्तुतः ह्या काव्यप्रकाराचा जन्म आणि त्याच्या पहिल्या दोन दशकांतील वाढ एकट्या कवींच्या हातून झालेली नाही. ती संचांच्या हातून झाली. त्यामुळे रचना कोणी केली, ती कोणाच्या मुखातून आली आणि कोणाच्या नावावर खपली, हे तीन वेगवेगळे प्रश्न येथे उभे राहतात, आणि त्यांची उत्तरे पुष्कळदा तीन वेगवेगळी येतात. हा भेद ध्यानात घेतल्यावाचून ह्या काव्याचे मर्म कळणार नाही, आणि त्यात कोणावर अन्याय झाला हेही कळणार नाही.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, सेजविक मार्गावरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, ११ ऑगस्ट १९७३ रोजी एका मुलीने शाळा सुरू होण्यापूर्वी एक मेजवानी योजली. तीत तबकड्या वाजविण्याचे काम तिचा भाऊ क्लाइव्ह कॅम्बेल ह्याने केले. जमेकातून आलेला हा तरुण 'कूल हर्क' ह्या नावाने ओळखला जाई. गाण्यातील ज्या थोड्या क्षणांत गायन थांबते आणि केवळ ताल उरतो, त्या क्षणांवर नाचणाऱ्यांचा जीव असतो, हे त्याने हेरले होते. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तो तालाचा तुकडा लांबविण्याची युक्ती त्याने रूढ केली. बार्बाडोस बेटावर जन्मलेल्या जोसेफ सॅडलर, म्हणजेच ग्रँडमास्टर फ्लॅश, ह्याने तबकडीवर खडूच्या खुणा करून ह्या युक्तीला घड्याळाची अचूकता आणली. म्हणजे ह्या कलेचा पहिला नायक बोलणारा नव्हता. तो वाजविणारा होता. ज्याला 'एमसी', म्हणजे समारंभाचा सूत्रधार, म्हणतात तो प्रारंभी केवळ त्याचा भालदार होता. तबकडीकाराची स्तुती करावी, जमलेल्यांची नावे घ्यावीत, नाचणाऱ्यांना चेव आणावा, एवढेच त्याचे काम.

ह्या भालदारीतूनच हळूहळू काव्य निपजले. दुसऱ्यांची नावे पुकारणारा स्वतःचे नाव पुकारू लागला. नावाला यमक जुळले, यमकाला कडवे जुळले. एकाऐवजी तिघेचौघे बोलू लागले, तेव्हा ओळी वाटून घेण्याची, एकाने उचललेले वाक्य दुसऱ्याने पुरे करण्याची आणि शेवटचा शब्द सर्वांनी एका आवाजात उच्चारण्याची रीत पडली. संचासंचांत चढाओढी होऊ लागल्या. १९८१ साली हार्लेममध्ये कोल्ड क्रश ब्रदर्स आणि फँटॅस्टिक संच ह्यांच्यात झालेला सामना आजही आठवला जातो. त्याची कीर्ती छापील शब्दाने पसरली नाही. हातोहात फिरणाऱ्या ध्वनिफितींनी पसरली. अशा मौखिक व्यवहारात रचनेवर मालकी सांगण्याचे साधन एकच होते : रचनेतच आपले नाव गोवणे. अभंगाच्या शेवटच्या चरणातील नाममुद्रा मराठी वाचकाला परिचित आहे. तेथे संतकवी नाव घेतो ते ईश्वरासमोर नम्र होऊन; ब्राँक्सचा तरुण नाव घेतो ते प्रतिस्पर्ध्यासमोर छाती काढून. भाव विरुद्ध, पण काम एकच. कागद ज्यांच्या हाती नाही, त्यांचे ते मुद्रणपत्र होय.

हे मुद्रणपत्र किती दुबळे ठरू शकते, हे १९७९ साली उघड झाले. न्यू जर्सीतील सिल्व्हिया रॉबिन्सन ह्या बाईंनी तीन तरुण जमवून 'शुगरहिल गँग' हा संच उभा केला आणि 'रॅपर्स डिलाइट' ही चौदा मिनिटांहून लांब ध्वनिमुद्रिका काढली. हिप हॉप देशभर पोहोचविणारी हीच पहिली रचना. त्या तिघांपैकी बिग बँक हँक हा पिझ्झ्याच्या दुकानात काम करीत असे. त्याने म्हटलेल्या ओळी कोल्ड क्रश ब्रदर्समधील ग्रँडमास्टर कॅझ ह्याच्या होत्या. कॅझने विश्वासाने आपली वही त्याला दिली होती. हँकने ओळी इतक्या जशाच्या तशा उचलल्या की कॅझचे जुने टोपणनावही त्यांत अक्षरशः राहून गेले. नाममुद्रा एकाची, आवाज दुसऱ्याचा आणि तबकडीवर नाव तिसऱ्याच संचाचे, अशी ही अवस्था. रचना लक्षावधी लोकांनी ऐकली. श्रेय अथवा मोबदला मात्र कॅझला मिळाला नाही. ज्या समाजात नाव आणि आवाज एकाच देहात नांदत होते, तेथे नाममुद्रा पुरेशी होती. ध्वनिमुद्रणाने आवाज देहापासून तोडला, तेव्हा ती असहाय झाली.

ह्याहून गुंतागुंतीचे उदाहरण 'द मेसेज' ह्या १९८२ सालच्या रचनेचे आहे. ही रचना 'ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्यूरियस फाइव्ह' ह्या संचाच्या नावावर आहे. मेली मेल, किड क्रिओल, काउबॉय, स्कॉर्पिओ आणि रहीम हे ते पाच. मोडक्या वस्तीतील कोंडमारा, दारिद्र्य, माणसाचा सुटत चाललेला तोल हा तिचा विषय. मेजवानीच्या काव्याला सामाजिक दुःखाचे परिमाण देणारी कृती म्हणून तिचे स्थान निर्विवाद आहे. परंतु तिचा बराचसा भाग लिहिला तो एड फ्लेचर ह्याने, आणि तो संचाचा सदस्यच नव्हता; ध्वनिमुद्रण करणाऱ्या कंपनीचा तो वादक होता. संचातील बहुतेकांना ही रचना नको होती, कारण नाचायला येणाऱ्यांना असले काही ऐकायचे नसते, अशी त्यांची समजूत. अखेर फ्लेचर आणि मेली मेल ह्या दोघांनीच कडवी म्हटली. त्यांतील शेवटचे कडवे मेली मेलने १९७९ च्या एका जुन्या रचनेतून आणले. बाकीच्यांचे आवाज ऐकू येतात ते मुख्यतः अखेरच्या लहानशा नाट्यसंवादात. चित्रफितीत तर फ्लेचरच्या ओळींवर रहीमने ओठ हलविले. ज्याच्या नावाने संच ओळखला जातो त्या फ्लॅशचे कौशल्य ह्या रचनेत जवळजवळ नाहीच.

येथे समीक्षकाने कोणाला कवी म्हणावे? फ्लेचरला म्हणावे तर असे दिसते की, संचाच्या आधीच्या कीर्तीवाचून ही रचना ऐकली गेली नसती, आणि मेली मेलच्या भारदस्त आवाजावाचून ते शेवटचे कडवे इतके भेदक झाले नसते. संचाला म्हणावे तर संचाने ती प्रथम नाकारलीच होती. ह्या संदिग्धतेचा पहिला लाभ कंपनीला झाला. १९८३ साली फ्लॅशने पैशासाठी आणि नावासाठी कंपनीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. त्याच वर्षी 'व्हाइट लाइन्स' ह्या रचनेवर 'ग्रँडमास्टर' हे बिरुद मेली मेलच्या नावाशेजारी छापले गेले. तीत फ्लॅशचा सहभाग नव्हता. म्हणजे नाव हे कर्तृत्वाचे चिन्ह उरले नाही, ती विक्रीची वस्तू झाली. २००७ साली हा संच रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये दाखल झालेला पहिला हिप हॉप संच ठरला. फ्लेचर पुढे अध्यापनाकडे वळला आणि २०२१ साली वारला.

तथापि कर्ता आणि वक्ता ह्यांची फारकत म्हणजे दर वेळी फसवणूकच, असे मानणे चुकीचे ठरेल. १९८७ साली लॉस एंजेलिस परिसरात 'बॉइझ इन द हूड' ही रचना तयार झाली. ती लिहिली आइस क्यूबने, एका न्यूयॉर्कच्या संचासाठी. त्यांनी ती नाकारल्यावर डॉ. ड्रे ह्याने ईझी-ई ह्या तरुणाला पुढे केले. त्याने पूर्वी कधी रॅप म्हटले नव्हते. ड्रेने एकेक ओळ त्याच्याकडून घोटवून घेतली. ह्यातूनच पुढे 'एन.डब्ल्यू.ए.' हा संच घडला. त्यात शब्द क्यूब आणि एमसी रेन ह्यांचे, ध्वनी ड्रे आणि डीजे येला ह्यांचा, पैसा आणि चेहरा ईझीचा, अशी श्रमविभागणी होती. ईझीचा बारीक, खोडकर आवाज क्यूबच्या शब्दांना जे लाभवून देतो ते क्यूबचा स्वतःचा जड आवाज देऊ शकला नसता. नाटककार पात्रासाठी संवाद लिहितो, तसाच हा प्रकार. अडचण अशी की, हे काव्य 'मी' म्हणून बोलते आणि हा 'मी' खरा आहे, असा दावा करते. श्रोता त्याला पात्र समजत नाही, साक्षीदार समजतो. मोबदल्याच्या वादातून १९८९ च्या अखेरीस क्यूब संचाबाहेर पडला, तेव्हा भांडण पैशाचे होते. पण त्यामागे ह्या 'मी'वर हक्क कोणाचा, हाही प्रश्न होता.

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. 'सॉल्ट-एन-पेपा' ह्या संचाच्या प्रारंभीच्या रचना मुख्यतः हर्बी अझोर ह्या पुरुष निर्मात्याने लिहिलेल्या होत्या. त्यांतील धिटाई स्त्रीची म्हणून गाजली; लेखणी पुरुषाची होती. पुढे 'एक्स्प्रेशन' ही रचना चेरिल जेम्स हिने स्वतः लिहिली आणि तिची निर्मितीही केली. येथे मुख आणि लेखणी एक झाली. ह्या घटनेचे मोल केवळ सांगीतिक नाही.

समूहाचे खरे काव्यसामर्थ्य मात्र श्रेयाच्या वादात दिसत नाही. ते आवाजांच्या परस्परसंबंधांत दिसते. क्वीन्समधील 'रन-डीएमसी' ह्या संचात जोसेफ सिमन्स आणि डॅरिल मॅकडॅनियल्स एकच वाक्य दोघांत वाटून घेतात. त्यामुळे विधानाला दुहेरी शपथेचे बळ येते. 'पब्लिक एनिमी'त चक डी गंभीर वक्तृत्वाने राज्यव्यवस्थेवर आरोप ठेवतो आणि गळ्यात मोठे घड्याळ घातलेला फ्लेवर फ्लेव्ह मध्येच ओरडून, चिडवून, हसून त्याला दाद देतो. हा विदूषक नसता तर ते काव्य प्रवचन झाले असते. 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट'च्या १९९१ सालच्या 'द लो एंड थिअरी'मध्ये क्यू-टिपचा चिंतनशील स्वर आणि फाइफ डॉगचा रस्त्यावरचा रोखठोक स्वर एकमेकांना तपासतात. ह्यांपैकी कोणतीही रचना एका आवाजात वाचून पाहावी. शब्द उरतात, अर्थ अर्धा होतो.

१९९३ साली स्टेटन आयलंडच्या नऊ जणांच्या 'वू-टँग क्लॅन' ह्या संचाने ह्या अनुभवातून धडा घेतलेला दिसतो. त्याचा प्रमुख रिझा ह्याने कंपनीशी असा करार केला की संच एका कंपनीकडे राहील, पण प्रत्येक सदस्याला स्वतंत्रपणे अन्य कंपनीकडे जाता येईल. त्याप्रमाणे मेथड मॅन, जिझा, ओल डर्टी बास्टर्ड हे वेगवेगळ्या कंपन्यांकडे गेले. 'प्रोटेक्ट या नेक' ह्या त्यांच्या पहिल्या रचनेत आठ जण एकामागून एक येतात आणि मध्ये पालुपद नाही. जणू प्रत्येकाला आपली नाममुद्रा उमटविण्यास मोकळी जागा ठेवली आहे. करार आणि रचना ह्यांचे तत्त्व एकच : व्यक्ती समूहात विरघळत नाही आणि समूहावाचून उभीही राहत नाही.

समूहाची कल्पना काय होती, हे अखेर मृत्यूच्या वेळी कळते. २००४ साली ओल डर्टी बास्टर्ड वारला. वू-टँग पुढे चालू राहिला, कारण तो कुळ होता. मार्च २०१६ मध्ये फाइफ डॉग वारला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ट्राइबची अखेरची ध्वनिमुद्रिका आली. तीत त्याने मृत्यूपूर्वी म्हटलेली कडवी आहेत आणि मित्रांचे स्वर त्यांना उत्तर देतात. संवाद एका बाजूने थांबला तरी रचनेत तो चालूच राहिला. ऑक्टोबर २००२ मध्ये जॅम मास्टर जे ह्याची क्वीन्समधील ध्वनिमुद्रणगृहात गोळी घालून हत्या झाली, तेव्हा रन-डीएमसीच्या उरलेल्या दोघांनी संच संपल्याचे जाहीर केले. पुढे काही प्रसंगी ते मंचावर एकत्र आले. त्या नावाने नवी ध्वनिमुद्रिका मात्र काढली नाही. ओळी म्हणणारे दोघेही हयात होते. गेला तो तबकडी फिरविणारा, ज्याच्या वाट्याला शब्द जवळजवळ नव्हतेच. तरीही त्याच्यावाचून आपले नाव उच्चारण्याचा अधिकार आपल्याला उरला नाही, असे त्यांनी मानले. भालदाराने राजाला दिलेला हा शेवटचा मुजरा होय. कर्तृत्व केवळ शब्द लिहिणाऱ्याचे नसते, हे समीक्षेला अजून नीटसे मान्य झालेले नाही. त्या दोघांना मात्र ते पुरते ठाऊक होते.