उमरग्याचं तिकीट ठरवतं कोण?

उमरगा विधानसभा मतदारसंघ २००९पासून अनुसूचित जातींसाठी राखीव. ज्ञानराज चौगुले सलग तीनदा निवडून आले. २०२४ला प्रवीण स्वामींनी त्यांना हरवलं. आमदार बदलणं आपल्या हातात आहे, पण उमेदवार निवडणं? ते पक्षश्रेष्ठींकडे. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पक्षाचा एबी फॉर्म ज्याच्या हाती, तोच अधिकृत उमेदवार. आपली ‘प्रायमरी’, म्हणजे उमेदवार ठरवणारी पक्षांतर्गत निवडणूक, एवढीच!

अमेरिकेतही पूर्वी असंच चालायचं. १९६८मध्ये ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढता डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार झाले. गदारोळ उडाला, नियम बदलले आणि निर्णय मतदारांकडे गेला.

आपल्याकडेही असा प्रयोग झालाय, बरं का! २०१४च्या लोकसभेला काँग्रेसनं शेजारच्या लातूरमध्ये आणि वर्ध्यात पक्षांतर्गत मतदान घेतलं. लातूरला दत्तात्रय बनसोडे, वर्ध्याला सागर मेघे उमेदवार ठरले. मोदी लाटेत दोघंही पडले आणि प्रयोग गुंडाळला गेला.

माझं स्पष्ट मत: लाटेत झालेल्या पराभवाचं खापर पद्धतीवर फोडू नये. पण नुसते पदाधिकारीच मत देणार असतील तर गटबाजीचं फावतं. साध्या सदस्यालाही मत हवं. सुरुवात नगरपालिकेच्या तिकिटांपासून करा की!

तुम्हाला काय वाटतं?