अंकगटांतील हवामानवार्ता

वेधशाळेतील निरीक्षक ठरलेल्या वेळी तापमान, वारा, हवेचा दाब व पाऊस यांची नोंद घेतो. ही नोंद पूर्वी तारेने व टेलिप्रिंटरने पाठविली जात असे. पुढे ती संगणकाच्या जाळ्यातून जाऊ लागली. सर्व देशांना ती सारखीच वाचता यावी, म्हणून जागतिक हवामान संघटनेच्या ‘सिनॉप’ या संकेतपद्धतीत माहिती मुख्यतः पाच-पाच अंकांच्या गटांत मांडली जाते. आता ‘बफर’ ही नवी संगणकीय पद्धत रूढ झाली असली, तरी संकेतबद्ध मजकुराची उकल कशी होते हे समजण्यास ‘सिनॉप’ हे उत्तम उदाहरण आहे.

४३०६३ हा पुणे वेधशाळेचा क्रमांक होय. पुढे १०२८४ असा गट आल्यास त्यातील पहिला १ हा अंक तापमानाची खूण असतो. ० म्हणजे तापमान उणे नाही, आणि २८४ म्हणजे २८.४ अंश सेल्सिअस.

उकल कशी होते?

जाळ्यातून येणारा मजकूर एकसंध पोहोचेलच असे नाही. म्हणून संदेश संपल्याचे दर्शविणारे ‘=’ हे चिन्ह येईपर्यंत संगणक आलेले तुकडे साठवितो. नंतर मोकळ्या जागेवरून गट वेगळे केले जातात व पहिल्या अंकावरून त्यांचा अर्थ लावला जातो. मात्र तेवढ्याने भागत नाही. ३३३ ही खूण आली की नवा विभाग सुरू होतो. तेथे १ ने आरंभ होणारा गट कमाल तापमानाचा असतो. अर्थात, गटाचे स्थानही लक्षात घ्यावे लागते.

शून्य आणि अभाव

खरी कसोटी पावसाच्या नोंदीत लागते. वेधशाळेच्या क्रमांकालगतच्या गटाचा पहिला अंक ३ असल्यास पाऊस झाला नाही म्हणून, तर ४ असल्यास मोजमाप उपलब्ध नाही म्हणून पावसाचा गट गाळलेला असतो. दोन्ही वेळी तो गट दिसत नाही; पण अर्थ अगदी भिन्न असतो. उकल करणाऱ्याने दोन्हीकडे शून्य मांडल्यास, जेथे पाऊस मोजलाच गेला नाही ते गाव कागदावर कोरडे ठरेल.

शासकीय विवरणपत्रातही ‘निरंक’ लिहिणे आणि रकाना कोरा सोडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. नोंद करणाऱ्याने हा भेद पाळला, तरच वाचणाऱ्यापर्यंत वस्तुस्थिती पोहोचते.