थेंबातलं आतडं

मॅट्रिजेल, म्हणजे पेशी वाढवायला वापरतात ते जेल, हा हट्टी पदार्थ आहे. बर्फावर तो पातळ राहतो, इनक्युबेटरच्या ३७ अंशांत थिजतो आणि मधल्या वेळात हात रेंगाळला तर पिपेटच्या टोकातच घट्ट होतो. म्हणून टोकंही आधी गार करून ठेवायची, प्लेटच्या खळग्यात पेशी मिसळलेला थेंब मधोमध सोडायचा, बुडबुडा येऊ द्यायचा नाही, मग प्लेट पालथी करायची, म्हणजे पेशी तळाला जाऊन चिकटत नाहीत. ऑर्गनॉइडवर, म्हणजे पेशींपासून वाढवलेल्या अवयवाच्या छोट्या प्रतिकृतीवर, पीएचडी करणाऱ्याची सुरुवात सिद्धांतापेक्षा अशा हातकामाने होते.

या विद्येचं एक मूळपीठ म्हणजे नेदरलँड्समधल्या उत्रेख्त शहरातली ह्युब्रेख्त इन्स्टिट्यूट. १९१६ साली भ्रूणविज्ञानासाठी स्थापन झालेली ही संस्था. २००९ मध्ये इथे हान्स क्लेव्हर्स यांच्या गटात, जपानहून आलेले पोटविकारतज्ज्ञ तोशिरो सातो यांनी उंदराच्या आतड्यातली एकच मूळपेशी जेलमध्ये ठेवून तिच्यातून आतड्याच्या अस्तराची छोटी प्रतिकृती वाढवली. अस्तरातल्या सगळ्या प्रकारच्या पेशी तिच्यात होत्या. पुढे माणसाचं आतडं, यकृत, स्वादुपिंड अशी रांगच लागली.

पेशी जगवणं जमलं की नजर तयार करायची. आठवड्याच्या सुमारास ऑर्गनॉइड फोडून नव्या थेंबांत वाटावे लागतात. कधी फोडायचे, हे मात्र सूक्ष्मदर्शकाखाली बघूनच कळतं: भिंत पातळ आहे की काळवंडली, कोंब फुटले की नुसता फुगा झाला. लिखित कृती इथे निम्मीच कामाला येते. उरलेलं शेजारच्या टेबलावरच्या सीनियरकडून उचलायचं.

या मेहनतीचं चीज कशात होतं, ते सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या चाचणीत दिसतं. रुग्णाच्या गुदाशयातून चिमूटभर ऊती घेऊन ऑर्गनॉइड वाढवतात आणि त्यांना फोर्सकोलिन हे रसायन देतात. निरोगी ऑर्गनॉइडमध्ये क्षार आणि पाणी आत शिरतं नि ते फुगतात; आजारी जवळपास तसेच राहतात. एखाद्या औषधाने आजारी ऑर्गनॉइड फुगले, तर त्या रुग्णाला ते औषध लागू पडेल अशी आशा धरता येते. उत्रेख्तच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ही पद्धत मांडली. दुर्मीळ जनुकदोष असलेल्यांना तिचा विशेष उपयोग, कारण मोठी औषध-चाचणी भरवण्याइतके रुग्णच नसतात.

प्राण्यांवरचे प्रयोग कमी होतील, हे या क्षेत्राचं मोठं आश्वासन. भारतानेही मार्च २०२३ मध्ये नियम बदलून औषध-तपासणीत ऑर्गनॉइड आणि ऑर्गन-चिपला (चिपवर घडवलेल्या अवयवाच्या नमुन्याला) वाट करून दिली. गंमत अशी, की मॅट्रिजेल येतं उंदराच्या गाठीतून! शिवाय त्याची प्रत्येक खेप थोडी वेगळी. एका खेपेत आलेला निकाल दुसरीत हुकतो. विद्यार्थ्याला हा धडा लवकर मिळालेला बरा.

पीएचडीच्या अखेरीस प्रबंधाच्या जाहीर बचावात परीक्षक अशाच कमकुवत जागी बोट ठेवू शकतात: या ऑर्गनॉइडमध्ये रक्तवाहिन्या कुठे, मज्जातंतू कुठे, मग याला आतडं का म्हणायचं? उत्रेख्तमध्ये ही उलटतपासणी ४५ मिनिटं चालते. मग विद्यापीठाचा दंडधारी येऊन 'होरा एस्ट' म्हणतो, म्हणजे वेळ झाली, आणि परीक्षक निर्णयासाठी आत जातात.