रुळांखालचे लाकूड

शहाडच्या फलाटावर घटकाभर उभे राहिले, तरी रेल्वेची निम्मी दुनिया डोळ्यांसमोरून निघून जाते. कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेली लोकल थांबते, नाशिककडची मेल न थांबता धडधडत जाते आणि मालगाडीचे डबे मोजता मोजता पोरांची बोटे संपतात. अशा गावातल्या मुलाने वाढदिवसाला आगगाडी मागितली तर त्यात नवल नाही. नवल हे, की ती गाडी घरात फार दिवस टिकत नाही. फरशीवर रूळ जोडायचे आणि पाने घ्यायची वेळ झाली की आवरायचे. पंधरा दिवसांत सांधे ढिले होतात, गाडी वळणावर कलंडू लागते आणि दिवाळीच्या साफसफाईत खोका माळ्यावर जातो. बोल लागतो इंजिनाला. खरे म्हणजे रुळांखाली काहीच नसते, हे त्याचे कारण.

मोठ्या रेल्वेची गोष्ट वेगळी नाही. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत गाडी धावली, 1854 साली ती कल्याणला आली आणि 1861 च्या आरंभी कसाऱ्याला पोहोचली. पुढचा थळ घाट चढून जायला मात्र 1865 साल उजाडले. रूळ टाकणे हे त्यातले शेवटचे काम. वर्षे गेली ती भराव घालण्यात, पूल बांधण्यात, कातळ फोडण्यात. घरातल्या छोट्या रेल्वेतही तेच खरे. आधी लाकडाचा सांगाडा, मग गाडी.

सांगाड्याला हात घालण्यापूर्वी थोडे गणित करावे. जगभरच्या छांदिष्टांत सर्वांत लोकप्रिय प्रमाण आहे 1:87 चे, म्हणजे ‘एचओ’. लोकलचा डबा साधारण 20.7 मीटर लांब. या प्रमाणात तो 24 सेंटीमीटरांचा होतो. बारा डब्यांची लोकल झाली पावणेतीन मीटरहून अधिक, म्हणजे 9 फुटांपेक्षा जास्त. शहाड-आंबिवलीकडच्या वन रूम किचनमध्ये एवढी भिंत मोकळी कुठे मिळायची? 1:160 चे ‘एन’ प्रमाण घेतले, तर तीच लोकल सुमारे दीड मीटरमध्ये मावते. नाहीतर चार डब्यांवर समाधान मानावे. रुंदीलाही मर्यादा आहे. भिंतीला लागून सांगाडा करायचा तर तो 75 सेंटीमीटरहून रुंद नको, कारण त्यापलीकडे हात पोहोचत नाही आणि गाडी नेमकी पलीकडच्या कोपऱ्यातच पडते! उंची एक मीटरच्या आसपास ठेवली, की मुलांना नीट दिसते आणि खाली धान्याची पिंपे, गाद्या मावतात. घरातल्या गृहिणीची संमती बहुधा याच शेवटच्या मुद्द्यावर मिळते.

आता लाकूड. सागवान उत्तम, पण किंमत ऐकून छंद जागीच थांबेल. बरे वाळलेले, सरळ रेषांचे, गाठी नसलेले पाइन या कामाला पुरते. शेजारच्या उल्हासनगरला फर्निचरचा मोठा बाजार आहे. तिथे जाऊन पट्टी डोळ्यासमोर आडवी धरून पाहावी, वाकडी असेल तर लगेच कळते. आपल्याकडे खरी परीक्षा घेतो तो पावसाळा. लाकूड हवेतला ओलावा पिते आणि फुगते. लांबीत जवळजवळ नाही, पण रुंदीत नक्की. फूटभर रुंदीची फळी दोन-चार मिलिमीटर हलू शकते. मोठ्या दाराला त्याचे काही वाटत नाही, ते जरा घट्ट बसते इतकेच. पण ‘एचओ’ गाडीच्या चाकाची कड मिलिमीटरहूनही कमी खोल असते. रुळाचा सांधा तेवढा उचलला गेला, की डबा खाली आलाच. म्हणून रुळांखाली अखंड फळी न घालता 12 मिलिमीटरचे चांगले प्लायवुड घालावे. त्यातले थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने ते फारसे हलत नाही. सांगाड्याला सगळीकडून वार्निशचा हात द्यावा आणि पाय ओल्या भिंतीपासून बोटभर दूर ठेवावेत, नाहीतर वाळवी पाहुणी येते.

सांगाडा म्हणजे उभ्या धरलेल्या पट्ट्यांची चौकट आणि तिच्यात दर 40 सेंटीमीटरवर एक आडवी पट्टी. पट्टी आडवी ठेवली तर वाकते, उभी ठेवली तर भार पेलते. घराच्या वाशांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. पाय अगदी टोकाला न लावता लांबीच्या पाचव्या हिश्श्याइतके आत घ्यावेत. 8 फुटांच्या चौकटीला ते टोकापासून दीड फूट आणि थोडे आत येतात. मग मध्ये झोळ पडत नाही. चौकोन कितीही घट्ट ठोकला तरी कलतो, त्रिकोण कलत नाही. म्हणून प्रत्येक पायाला तिरका आधार हवा. खिळे नकोत, स्क्रू हवेत, आणि गुण्या लावल्याशिवाय एकही आवळू नये. पायांच्या तळाशी बोल्ट बसवले की फरशीचा उतार पाणसळ लावून काढता येतो. वायरींची भोके आडव्या पट्ट्यांच्या मधोमध आधीच पाडावीत.

‘मॉडेल रेलरोडर’ या अमेरिकी मासिकाचे संपादक लिन वेस्टकॉट यांनी याहून चतुर युक्ती रूढ केली. दोन पट्ट्या काटकोनात चिकटवून लांब तुळया करायच्या, त्यांवर आडव्या पट्ट्या ठेवायच्या आणि स्क्रू खालून मारायचे. पुढे नदीवरचा पूल दोन इंच सरकवायचा झाला, तर वरचे रूळ न उखडता खालची पट्टी हलवता येते. प्लायवुड या पट्ट्यांवर थेट न ठेवता उभ्या ठोकळ्यांवर उचलले, की चढही करता येतो. मात्र तो बेताचाच असावा. थळ घाटाचा चढ 37 ला 1 आहे आणि तिथे खऱ्या गाड्यांनाही मागून जादा इंजिने लावावी लागतात. घरात 50 ला 1 पुरे. तेवढ्या चढावर एक रूळ दुसऱ्यावरून 7.5 सेंटीमीटर उंच न्यायला पावणेचार मीटर धाव लागते, हे कागदावर आधी मांडावे.

सर्वांत मोठा प्रश्न उरतो तो घर बदलण्याचा. भाड्याची जागा सुटते, मुलीचे लग्न निघते, खोली रिकामी करावी लागते. भिंतीत ठोकलेला सांगाडा अशा वेळी करवतीखाली जातो आणि त्याच्याबरोबर चार-पाच वर्षांचे श्रम. यावर उपाय म्हणजे सांगाडा 4-4 फुटांच्या तुकड्यांत बांधून नटबोल्टने जोडणे. पुण्याच्या भाऊ जोशींचे उदाहरण इथे आठवते. त्यांच्या लघुरेल्वेची आधी प्रदर्शने भरत. मांडायचे, दाखवायचे आणि पुन्हा उलगडायचे. 1998 साली कोथरूडला कायमचे संग्रहालय उभे राहिले, तेव्हा त्या गाड्यांना हक्काचे घर मिळाले. प्रत्येकाच्या नशिबी संग्रहालय नसते. पण जिन्यावरून उतरेल आणि टेंपोत मावेल असा सांगाडा कोणालाही करता येतो.

हे काम दोन-तीन रविवारांचे आहे आणि त्या रविवारी गाडी एक इंचही धावत नाही. मुले कंटाळतात, ‘रूळ कधी?’ विचारतात. त्यांच्या हाती पाणसळ द्यावी, बुडबुडा मध्यावर आला का ते त्यांना सांगू द्यावे. सांगाडा पुरा झाला, की त्यावर दोन्ही हात टेकवून हलवून पाहावे. तो डुलला नाही, तर त्यावरची गाडी त्या मुलांच्या मुलांनाही चालवता येईल.