एका गाण्याचे वारस

लोकगीत ही कोणा एकाची खाजगी मिळकत नव्हे, हे तत्त्वतः सर्वांस मान्य असते. परंतु आवडलेले गीत एकाच्या कंठातून दुसऱ्याच्या कंठात जाताना देणाऱ्याचे नाव दप्तरी दाखल राहते की खारीज होते, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ‘द हाउस ऑफ द रायझिंग सन’ या अमेरिकन गीताची हकीकत या दृष्टीने मुळापासून पाहण्यासारखी आहे.

न्यू ऑर्लिन्स शहरातील एका बदनाम घराच्या पायी आयुष्याची धूळधाण झालेल्या जिवाचा हा विलाप असून त्याचा मूळ कर्ता अज्ञात आहे. १९३३ साली क्लॅरेन्स अ‍ॅश्ली व ग्वेन फॉस्टर यांनी तो तबकडीवर उतरविला होता. पुढे १९३७ च्या सप्टेंबरात, लोकगीते गोळा करीत केंटकीच्या डोंगराळ मुलखात हिंडणारे अ‍ॅलन लोमॅक्स वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयासाठी ध्वनिमुद्रण करीत मिडल्सबरो या गावी पोचले, तेव्हा एका खाणकामगाराच्या जॉर्जिया टर्नर नावाच्या सोळा वर्षांच्या लेकीने त्यांना हे गीत म्हणून दाखविले. १९४१ च्या आपल्या संग्रहात ते छापताना लोमॅक्स यांनी तिचे, आणि जादा कडवी पुरविणाऱ्या बर्ट मार्टिन यांचेही नाव नमूद केले. ही सचोटी मला त्यांच्या साऱ्या संग्रहकार्याइतकीच मोलाची वाटते.

पुढे न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेजमधील गायकमंडळीत डेव्ह व्हॅन रॉंक यांनी या गीताला खर्जातून अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली उतरत जाणारी नवी स्वरसंगती दिली, आणि त्या उतरणीमुळे शब्दांतील अधःपात कानांना प्रत्यक्ष ऐकू येऊ लागला. तरुण बॉब डिलन यांनी तीच बांधणी उचलून, मित्राची संमती मिळण्यापूर्वीच, १९६२ च्या आपल्या पहिल्या संग्रहासाठी ती ध्वनिमुद्रित केली. परिणामी श्रोते व्हॅन रॉंक यांनाच अनुकरण करणारे समजू लागले व त्यांनी ते गाणे म्हणणे सोडले.

इंग्लंडातील न्यूकॅसलच्या ‘अ‍ॅनिमल्स’ या वाद्यवृंदाने १९६४ च्या मे महिन्यात, दौऱ्यावर असतानाच लंडनमध्ये, एका दमात हे गीत मुद्रित केले. डिलन यांनीही स्त्रीच्याच मुखी ठेवलेला विलाप त्यांनी एका तरुणाचा केला. हिल्टन व्हॅलेंटाइन यांच्या विद्युत् गिटारीवर एकेक तार सुटी छेडीत निघणारे सूर, अ‍ॅलन प्राइस यांचा चढत जाणारा ऑर्गन आणि एरिक बर्डन यांचा खरखरीत, वयापेक्षा प्रौढ आवाज यांचा असा काही मेळ जमला, की सुमारे साडेचार मिनिटांची ही तबकडी, त्या काळच्या रिवाजापेक्षा लांब असूनही, ब्रिटनमध्ये, आणि आखूड केलेल्या रूपात अमेरिकेतही, अग्रस्थानी पोचली. लोकगीत आणि रॉक यांची इतकी एकजीव सांगड त्यापूर्वी क्वचितच पडली असेल.

तबकडीवर मात्र संयोजक म्हणून पाचांपैकी एकट्या प्राइस यांचे नाव छापले गेले आणि त्या नावाबरोबर मानधनाचा हक्कही त्यांच्याकडेच गेला. बाकीच्या चौघांची नाराजी दीर्घकाळ टिकली, आणि ती रास्त होती. व्हॅलेंटाइन यांच्या बोटांवाचून त्या गाण्याचा प्रारंभच संभवत नाही. आणि चौघांचा हक्क मान्य केला, तरी मिडल्सबरोच्या मुलीचा त्याहून आधीचा हक्क उरतोच.

जॉर्जिया टर्नर यांचे ते मुद्रण जतन झालेले असून आजही ऐकावयास मिळते. वाचकांपैकी कोणी हे गीत आपल्या मित्रास ऐकविणार असेल, तर अ‍ॅनिमल्सच्या आधी टर्नर यांचे मुद्रण ऐकवावे, आणि ऐकविताना तिचे नाव अवश्य सांगावे.